रोबोटने होणारे प्रोस्टेट कर्करोगाचे ऑपरेशन : परिणाम कशावर ठरतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेले रुग्ण ऑपरेशनसाठी नागपूरला जातात आणि टाके सुकले की पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात. ऑपरेशन माझ्या डोळ्यांसमोर होत नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने मात्र मी जवळून पाहतो. पुढील प्रश्न रुग्णांनी, त्यांच्या मुलांनी आणि पुष्कळदा दाराशी थांबून दबक्या आवाजात त्यांच्या पत्नींनी विचारलेले आहेत. उपचाराचा निर्णय युरोसर्जनशी (मूत्रमार्गाच्या सर्जनशी) बोलूनच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे, हे आधी ठाऊक असावे म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत.

ऑपरेशन रोबोट करतो की डॉक्टर?

डॉक्टरच करतात. रुग्णाच्या पोटावर लहान छिद्रे पाडून त्यांतून कॅमेरा आणि अवजारे आत सोडली जातात आणि ती यंत्राच्या हातांना जोडलेली असतात. सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर बसून, सुमारे दहापट मोठे आणि खोलीसह दिसणारे चित्र पाहत, ते हात चालवतात. यंत्र स्वतःच्या मनाने काहीही कापत नाही. अवजारांची टोके मनगटासारखी वळतात आणि हाताचा कंप आत पोहोचत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे. ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी प्रोस्टेट ही ग्रंथी असते आणि लघवीची नलिका तिच्या मधून जाते. इतक्या अडचणीच्या जागी ग्रंथी काढून मूत्राशय आणि नलिका पुन्हा एकमेकांना शिवायची असल्यामुळे हा लाभ महत्त्वाचा ठरतो.

"ऑपरेशन यशस्वी झाले" म्हणजे नेमके काय झाले?

हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारायला हवा, कारण येथे यश एक नसून तीन वेगवेगळ्या गोष्टींत मोजावे लागते. पहिली म्हणजे कर्करोग पूर्ण निघाला का. दुसरी, लघवीवर ताबा राहिला का. आणि तिसरी, लैंगिक क्षमता टिकली का. एकाच रुग्णात पहिली गोष्ट उत्तम, दुसरी मध्यम आणि तिसरी नाहीशी, असे होऊ शकते. या तिन्हींवर परिणाम करणारी कारणेही वेगळी असतात. म्हणून कोणी "आमच्या शेजारच्या गावच्या काकांचे रोबोटने छान झाले" असे सांगितले, तर तिन्हींपैकी काय छान झाले, हे विचारल्याशिवाय त्या अनुभवावरून स्वतःचा अंदाज बांधू नये.

रोबोटने केले म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षा परिणाम चांगलाच येतो का?

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांना, चिठ्ठी टाकावी तसे, दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाचे ऑपरेशन रोबोटच्या साहाय्याने आणि दुसऱ्याचे पोटावर चीर देऊन करायचे ठरले. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे पहिले निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. २४ महिन्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, तेव्हाही तो दिसला नाही. रक्तस्रावात मात्र मोठा फरक होता : रोबोटच्या गटात सरासरी सुमारे ४४४ मिलिलिटर, तर उघड्या ऑपरेशनच्या गटात सुमारे १,३३८ मिलिलिटर. याचे एक कारण सोपे आहे. रोबोटच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि त्याच्या दाबाने लहान शिरा मिटून राहतात.

जर्मनीत रोबोट आणि साधी दुर्बीण (छिद्रांतूनच, पण रोबोटविना केलेले ऑपरेशन) यांची अशीच तुलना झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी लघवीवर ताबा आलेल्यांचे प्रमाण रोबोटच्या गटात ५४ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ४६ टक्के होते.

माझे मत स्पष्ट आहे. रक्तस्राव कमी, जखमेचे दुखणे कमी, रुग्णालयातून लवकर सुट्टी, हे रोबोटचे खरे फायदे आहेत. परंतु केवळ यंत्रासाठी शेत गहाण टाकण्याची वेळ येत असेल, तर अनुभवी सर्जनने उघड्या पद्धतीने केलेले ऑपरेशन हा कमी प्रतीचा उपचार आहे, असे मानण्याचे कारण नाही.

सर्जनच्या अनुभवाने किती फरक पडतो?

फार पडतो. उघड्या ऑपरेशनवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात (२००७) ७२ सर्जनांचे ७,७६५ रुग्ण तपासण्यात आले. आधी केवळ १० ऑपरेशने केलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत आजार परतण्याची शक्यता १७.९ टक्के होती, तर २५० ऑपरेशने केलेल्यांच्या रुग्णांत ती १०.७ टक्क्यांवर आली होती. आजार तोच, ऑपरेशनही तेच. फरक हाताच्या सरावाचा होता. रोबोटवरही सरावाचा हा टप्पा चुकत नाही, कारण उघड्या ऑपरेशनमध्ये बोटांना जो स्पर्श कळतो तो बहुतांश रोबोटवर कळत नाही आणि ती उणीव डोळ्यांनी भरून काढायला शिकावे लागते.

म्हणून सर्जनना विचारावे, आणि विचारताना संकोच करू नये : रोबोटवर अशी किती ऑपरेशने आपण स्वतः केली आहेत? वर्षाला किती करता? आपल्या रुग्णांपैकी किती जणांना वर्षभरानंतरही लघवी गळते म्हणून पॅड लागतो? आपल्याकडे डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. नम्रपणे विचारलेल्या या प्रश्नांचा चांगले सर्जन राग मानत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पुष्कळदा तेच खुर्ची पुढे ओढून सविस्तर सांगू लागतात.

आजार किती पुढे गेला आहे, यावर किती अवलंबून असते?

कर्करोग पूर्ण निघेल की नाही, हे सर्वाधिक यावरच ठरते. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र पाहतात. रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन) किती आहे, बायोप्सीत म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत पेशींचा ग्लीसन गुणांक, म्हणजे त्या किती आक्रमक दिसतात याचा आकडा, किती आहे (आता तो १ ते ५ अशा श्रेणीतही लिहितात), आणि गाठ ग्रंथीच्या आवरणाच्या आत आहे की बाहेर आली आहे. पीएसए १० नॅनोग्रॅमपर्यंत, श्रेणी १ आणि गाठ लहान असेल तर धोका कमी समजतात; पीएसए २० च्या वर किंवा श्रेणी ४-५ असेल तर जास्त. जास्त धोक्याच्या आजारात ऑपरेशननंतर रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार लागण्याची शक्यता आधीच गृहीत धरावी. म्हणजे पुढे ते लागले, तरी ऑपरेशन फसले असे घरच्यांना वाटणार नाही. हाडांपर्यंत आजार पोहोचला असेल तर सहसा ऑपरेशन हा मार्ग नसतो.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. खेड्यातील अनेक वडीलधाऱ्यांना "ग्रंथी वाढली" म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी वर्षानुवर्षे चालू असते. या गोळीने पीएसए साधारण निम्म्यावर येतो. अशा रुग्णाचा पीएसए ४ आला, तर तो प्रत्यक्षात ८ च्या आसपास समजावा लागतो. गोळीची रिकामी पट्टी तपासणीच्या कागदांसोबत न्यावी. तेवढ्याने निदानातील मोठी चूक टळू शकते.

सोयाबीन निघेपर्यंत थांबलो तर चालेल का?

अनेकदा चालते, पण ते आपण ठरवायचे नाही. हा कर्करोग बहुतेकांत हळू वाढतो. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' अभ्यासात १,६४३ पुरुषांपैकी काहींचे ऑपरेशन झाले, काहींना रेडिएशन दिले आणि काहींवर फक्त नियमित लक्ष ठेवले गेले. १५ वर्षांनंतर तिन्ही गट मिळून या कर्करोगाने झालेले मृत्यू ४५, म्हणजे सुमारे २.७ टक्के होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. त्यांतील बहुतेकांचा आजार कमी किंवा मध्यम धोक्याचा होता, हे विसरू नये. कमी धोक्याच्या आजारात ऑपरेशन न करता लक्ष ठेवणे हा मान्य उपचारमार्ग आहे. शिवाय बायोप्सीनंतर आतली सूज उतरावी म्हणून काही आठवडे थांबावेच लागते. जास्त धोक्याच्या आजारात मात्र "एवढा हंगाम होऊ द्या, मग पाहू" म्हणत महिने घालवू नयेत.

साखर, वजन, खर्रा यांचा काय संबंध?

लठ्ठपणात आत काम करायला जागा कमी मिळते आणि लघवीवरचा ताबाही उशिरा येतो. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या आधीच थकलेल्या असतात. त्यामुळे लैंगिक क्षमता परतण्याची शक्यता कमी होते आणि जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या वेळी डोक्याकडील बाजू सुमारे २५ ते ३० अंश खाली झुकवून काही तास ठेवतात. म्हणून हृदयविकार, दमा किंवा काचबिंदू असल्यास भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे.

खऱ्र्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. आपल्या भागात सकाळी चहाआधी खर्रा घोटला जातो आणि विचारल्यावर "तंबाखू नाही, फक्त खर्रा" असे उत्तर मिळते. खऱ्र्यात तंबाखूच असते. त्यातील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यातील सुपारीमुळे कित्येकांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा रुग्णाच्या घशात भूल देण्याची नळी घालणे कठीण होते आणि त्यासाठी वेगळी तयारी ठेवावी लागते. भूलतज्ज्ञ तपासणीत तोंडात उभी बोटे घालून माप घेतात, ते याचसाठी. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी खर्रा आणि बिडी पूर्ण बंद करावी.

घरात सिकलसेल आहे. मग हे ऑपरेशन होऊ शकते का?

होऊ शकते, मात्र आधी सांगितले पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि आपला 'पॅटर्न' एएस (फक्त वाहक) आहे की एसएस (प्रत्यक्ष आजार), हे साठीच्या पुढील अनेकांना माहीत नसते. शरीरातील पाणी, उष्णता किंवा प्राणवायू कमी झाला, अथवा रक्तातील आम्लता वाढली, की अशा रुग्णाच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यावर आम्लता वाढू शकते. एएस रुग्णांत धोका बराच कमी आणि एसएस रुग्णांत अधिक असतो. पण दोन्हींत भूलतज्ज्ञांना आधी ठाऊक असणे हीच खरी काळजी आहे. नातवंडांपैकी कोणाचे लाल किंवा पिवळे सिकलसेल कार्ड असेल, तर आजोबांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.

लघवीवर ताबा परत येतो का? किती दिवसांत?

बहुतेकांना येतो, परंतु एकदम येत नाही. ग्रंथी काढल्यावर लघवी धरून ठेवण्याचा भार खालच्या झडपेवर आणि तिच्याभोवतीच्या स्नायूंवर पडतो. ऑपरेशनवेळी मूत्राशयात घातलेली लघवीची नळी निघाल्यावर पहिले काही आठवडे खोकताना, उठताना किंवा बादली उचलताना लघवी गळते. हळूहळू रात्र कोरडी होते, मग सकाळ, आणि शेवटी दिवसभराच्या कष्टानंतरची संध्याकाळ. कोणाला तीन महिने लागतात, कोणाला वर्ष. थोड्या जणांना वर्षानंतरही त्रास राहतो आणि त्यांच्यासाठी पुढील उपचार आहेत.

वय कमी असणे, आधी लघवीची तक्रार नसणे आणि झडपेजवळच्या नलिकेची लांबी चांगली असणे (ती एमआरआयमध्ये मोजता येते) या गोष्टी रुग्णाच्या बाजूच्या आहेत. आधी दुर्बिणीने ग्रंथी खरवडण्याचे ऑपरेशन झाले असेल, तर आत व्रण असतो आणि ताबा यायला उशीर होऊ शकतो.

रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून जे स्नायू आत ओढतो, तेच हे स्नायू. श्वास न रोखता आणि पोट व मांड्या सैल ठेवून ते पाच-दहा सेकंद आवळायचे आणि तेवढाच वेळ सोडायचे. असे दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहादा. हा व्यायाम ऑपरेशनच्या आधी शिकावा, नळी असेपर्यंत थांबवावा आणि नळी निघाल्यावर पुन्हा सुरू करावा. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी तो बैलांना चारा टाकण्याच्या वेळेशी जोडला होता. त्यांच्या पत्नी रोज बदललेल्या कपड्यांच्या रेघा कॅलेंडरवर ओढत. सहा रेघांवरून एकीवर यायला त्यांना पाच महिने लागले आणि ते कॅलेंडर त्या मला दाखवायला घेऊन आल्या होत्या.

पती-पत्नी संबंधांचे काय?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत कमी विचारला जातो आणि मनात सर्वांत जास्त घोळतो. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये त्या नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत दाखवली आणि रोबोटवरही तेच तत्त्व वापरतात. गाठ आवरणाजवळ असेल तर त्या बाजूची नस वाचवण्याच्या मोहात कर्करोग मागे राहू शकतो. म्हणून "दोन्ही नसा वाचवणार का, आणि नसेल तर का नाही," हे ऑपरेशनआधीच विचारून घ्यावे.

वय, आधीची क्षमता, मधुमेह आणि रक्तदाब यांवर पुढचे अवलंबून असते. नसा वाचल्या तरी त्या ताणलेल्या असतात. सुधारणेला दीड-दोन वर्षे लागू शकतात. वीर्य मात्र यापुढे येत नाही, कारण ते तयार करणारे अवयवच काढलेले असतात. सुखाची जाणीव राहते. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या उपयोगी पडतात, पण छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने त्या मुळीच घेऊ नयेत. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. शेजाऱ्याकडून गोळी मागून घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

लघवीची नळी घेऊन गावी परतताना काय सांभाळावे?

साधारण ७ ते १० दिवस नळी राहते आणि याच दिवसांत नीट झालेले ऑपरेशन बिघडू शकते. एसटीत बसल्यावर लाज वाटते म्हणून पिशवी मांडीवर घेऊन वर उपरणे टाकतात, तेव्हा लघवी उलटी मूत्राशयाकडे जाऊ शकते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. कापडी थैलीत घालून पायाजवळ ठेवली तर कोणाला दिसतही नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने लावावी, म्हणजे गाडीच्या धक्क्याने ओढ बसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी भरपूर प्यावे.

आणि हे सर्वांत महत्त्वाचे : नळी अपघाताने निघाली, तर ती गावात कोणाकडूनही पुन्हा घालून घेऊ नये. आतील शिवण कोवळी असते आणि अंदाजाने घातलेली नळी ती उसवू शकते. ऑपरेशन केलेल्या सर्जनना तत्काळ फोन करावा आणि ते सांगतील तेथे जावे. या दिवसांत एनिमाही घेऊ नये. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, ताप आला, किंवा नळी असूनही लघवी थांबली, तर सकाळची वाट पाहू नये.

शेतात कधी जाता येईल?

बांधावर फिरायला लवकरच. वजन उचलायला सहा आठवडे तरी नाही : ४५ किलोचे युरियाचे पोते नाही आणि सोयाबीनचा कट्टाही नाही, नाहीतर छिद्रांच्या जागी हर्निया होऊ शकतो. सायकल आणि मोटारसायकलही तोपर्यंत टाळावी.

योजनेत हे ऑपरेशन बसते का?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना वय वंदना कार्ड मिळते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : ऑपरेशन योजनेत आहे का, आणि रोबोटचा खर्च त्यात धरला आहे का. रोबोटची अवजारे ठरावीक वेळाच वापरता येतात आणि त्यांचे शुल्क वेगळे लागू शकते. उत्तर भरती होण्याआधी, कागदावर घ्यावे.

अहवालात "मार्जिन पॉझिटिव्ह" लिहिले आहे. कर्करोग मागे राहिला का?

काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. आजार परतण्याची शक्यता त्यामुळे वाढते, पण अशा अनेकांचा पीएसए वर्षानुवर्षे शून्याजवळ राहतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांनंतर, सरसकट लगेच रेडिएशन देण्याऐवजी पीएसएवर बारीक लक्ष ठेवून तो वाढू लागताच रेडिएशन देणे, याकडे कल झुकला आहे. अर्थात हा मार्ग पीएसए वेळेवर तपासणाऱ्यासाठीच सुरक्षित आहे.

बरे वाटत असताना पीएसए का तपासत राहायचा?

कारण आजार परतला तरी सुरुवातीची कित्येक वर्षे काहीच दुखत नाही. पहिली तपासणी साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी होते आणि तेव्हा पीएसए ०.१ च्या खाली हवा. पुढे पहिली काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासतात. ०.२ किंवा अधिक आणि पुढच्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतल्याचे समजतात. पीएसए ०.५ च्या खाली असतानाच रेडिएशन दिले, तर बरे होण्याची संधी अधिक असते.

येथेच आमचे रुग्ण मागे पडतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आले. तीन वेगवेगळ्या लॅबचे अहवाल, त्यांतील एकावरची शाई घामाने पुसलेली, आणि मधले चौदा महिने काहीच नाही, कारण पऱ्हाटीचे दोन हंगाम आणि मुलीचे लग्न त्यात येऊन गेले होते. शेवटचा आकडा १.८ होता. त्याआधीची तपासणी वेळेवर झाली असती, तर तो कदाचित ०.३ असताना सापडला असता. आता मी प्रत्येक रुग्णाच्या फायलीच्या आतल्या पानावर चार रकाने आखून देतो : तारीख, लॅबचे नाव, पीएसए, पुढची तारीख. चौथा रकाना माझ्यासमोर भरला जातो, आणि पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी अशा लक्षात राहणाऱ्या सणांच्या आसपासची तारीख आम्ही निवडतो. नमुना शक्यतो एकाच लॅबमध्ये द्यावा.